पिंजरा लावलाय

शेवंती पिंजऱ्यात येईना, आणि त्याचं खापर सगळ्यांनी मिळून गंधालीच्या डोक्यावर फोडलं होतं.

शेवंती ही बिबट्याची मादी. म्हातारी, मागच्या एका पायाने अधू, आणि नखरे म्हणाल तर लग्नघरातल्या थोरल्या आत्याला मागे टाकेल. मुलुंडला एका सोसायटीच्या जिन्याखाली अडकून पडलेली सापडली, तेव्हापासून बोरिवलीला डोंगराकडच्या अंगाला असलेल्या या प्राणी केंद्रात तिचा मुक्काम होता. आणि गंधाली फाटक ही बोरिवलीतल्याच बाभईची मुलगी, प्राणिशास्त्रात पदवी घेऊन इथे प्राण्यांची देखभाल शिकायला आलेली. शिकायचं म्हणजे काय, तर उजाडायच्या आत यायचं, घाण काढायची, कोंबड्या तोडायच्या, अंगाला तो वास घेऊन घरी जायचं आणि वर वडिलांचं ऐकायचं. "पिंजरे झाडायला पदवी कशाला लागते गं?" हे अनंत फाटकांचं रोजचं वाक्य, वरणभाताबरोबर वाढलेलं. पण पोरगी हट्टी. तिला बिबटेच हवे होते. हरणं नकोत, पोपट नकोत, बिबटे.

बरं, तिने काम केलं नव्हतं असं नाही. शेवंतीला तिने एक शब्द शिकवला होता: 'आत'. मैदानात शेवंती कुठेही असो, गंधालीने जाळीपलीकडून "शेवंती, आत!" म्हटलं की बाई लंगडत, उपकार केल्यासारखी, मधल्या पिंजऱ्यात यायची आणि कोंबडीचा तुकडा खायची. मधला पिंजरा म्हणजे मोकळं मैदान आणि झोपायची खोली यांच्यामधली लोखंडी खोली. तिचं दार वर उचललं जायचं आणि खाली पडायचं. ते ओढायची दांडी मागच्या गल्लीत होती, आणि त्या दांडीपाशी असायचे बाळाकाका.

बाळा राणे केंद्रातले सगळ्यात जुने. कणकवलीकडचे, वडील गिरणीत होते, स्वतः आधी वनखात्याच्या बिबटे पकडणाऱ्या पथकात रोजंदारीवर, मग इथे. मनाने चांगला माणूस, पण चूक कबूल करायची म्हटली की दातखीळ बसायची. मध्ये एकदा शेवंतीला लस टोचायची होती. पिंजऱ्याची एक भिंत आत सरकवून जनावराला दाबून धरता येतं, ती भिंत बाळाकाकांनी जरा जास्तच दाबली. शेवंती अशी ओरडली की शेजारच्या हरणांनी चारा सोडला. त्या दिवसापासून ती आत यायची बंद. मैदानातच झोपायची, जाळीतून फेकलेलं खायची, आणि दाराकडे बघून गुरगुरायची.

"तुझ्या आवाजात दम नाय," बाळाकाका गंधालीला म्हणायचे. "जनावराला कळतं, हिला स्वतःलाच खात्री नाय."

गंधालीला राग यायचा. पण सहा महिन्यांच्या शिकाऊ मुलीने जुन्या माणसाला काय बोलायचं? गप्प बसायची आणि बसमध्ये चिडून रडायची.

डॉक्टर पद्मजाबाईंनी मात्र स्पष्टच सांगितलं होतं. शेवंतीचं खाणं कमी झालंय, मूत्रपिंडाचा संशय आहे, रक्त तपासायलाच हवं. "शुक्रवारी सकाळी ती आपणहून पिंजऱ्यात आली तर शेपटीतून रक्त काढू. नाही आली तर बंदुकीने भूल द्यायची. आणि खरं सांगू? या वयात भूल दिल्यावर ती परत उठेलच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही." मग गंधालीकडे बघून म्हणाल्या, "तसं झालं तर बिबट्यांकडे तुला ठेवण्यात अर्थ नाही. बोलावलेलं जनावर येत नसेल तर तू तिथे काय करणार?"

तर असा हा शुक्रवार. म्हातारीचा जीव आणि पोरीची जागा, दोन्ही एका लोखंडी दारावर टांगलेलं.

त्या सकाळी गंधाली कोंबड्या तोडत होती. हात चालत होते, डोकं ठिकाणावर नव्हतं. शेजारी फरशीवर वॉकीटॉकी पडलेला. तो खरखरला आणि बाळाकाकांचा आवाज आला, घाईतला.

"गंधाली, पिंजरा लावलाय. बादली घेऊन ये लवकर."

तिला आधी खरंच वाटेना. लावलाय! म्हणजे आली? शेवंती आली? आणि दार लावूनही झालं? ती जागच्या जागी उडाली, कोंबडीच्या रक्ताने भरलेले हात वर करून. "अगं बाई, आली!" असं एकटीच मोठ्याने म्हणाली. किती दिवस मैदान झाडलं नव्हतं, हौद शेवाळला होता, आता शेवंती पिंजऱ्यात आहे तोवर सगळं चकाचक करून घ्यायचं, म्हणूनच काका बादली मागवतायत. तिने हात धुतले, झाडू घेतला, धुण्याची बादली घेतली आणि मैदानाच्या दाराकडे जवळजवळ पळतच सुटली.

आता इथे नियम काय होता ते सांगायला हवं. पहिल्याच दिवशी पद्मजाबाईंनी शिकवलं होतं: दाराबद्दल बोलताना दोनच शब्द, 'बंद' आणि 'उघडं'. ओढलं, लोटलं, टाकलं, घातलं, असलं काही चालणार नाही. आणि मैदानात पाऊल टाकण्याआधी जनावर कुठे आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, दुसऱ्याने सांगितलेलं नाही. गंधालीला हे झोपेत विचारलं असतं तरी तिने घडाघडा म्हणून दाखवलं असतं. पण आनंद झाला की माणसाच्या डोळ्यांवर झापड येते. तिने एक दार उघडलं, आत जाऊन ते लावलं, दुसरं उघडलं, आणि आत गेली.

दाराजवळचं बांबूचं बेट ओलांडून ती सरळ पलीकडच्या टोकाला हौदापाशी गेली. मधला पिंजरा तिथल्या मोठ्या खडकाआड होता, दारातून दिसायचा नाही. तिने हौदाचं बूच काढलं, झाडू मारायला लागली. मजेत होती. गुणगुणतसुद्धा असेल, काय सांगावं. कमरेचा वॉकीटॉकी पुन्हा खरखरला.

"अगो, खय रवलंस? कोंबडीची बादली आण म्हणालो ना?"

"कोंबडी?" गंधाली हसली. "काका, मी हौद धुतेय. पिंजरा लावलाय म्हणालात ना तुम्ही."

"होय तर. लावलाय ना. एक कोंबडी टाकून ठेवलीय, बाकीची तू आण."

गंधालीचा हात थांबला.

"लावलाय म्हणजे... बंद ना?"

पलीकडून नुसती खरखर. मग बाळाकाकांचा आवाज आला, आणि तो आवाज तिने आधी कधी ऐकला नव्हता.

"म्हणजे उघडो."

वीस वर्षं गावोगाव बिबटे पकडणाऱ्या माणसाला 'पिंजरा लावला' म्हणजे काय हे विचारायचं कारणच नाही. दार वर उचलून, आत आमिष ठेवून, जनावराची वाट बघत ठेवलेला पिंजरा. पेपरात रोज येतं, अमुक गावात वनखात्याने पिंजरा लावला. आणि बाभईच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलीला 'लावला' म्हणजे काय? दार लाव, खिडकी लाव, कपाट लाव. शब्द एकच. एकाचा उघडा, एकीचा बंद.

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "मग शेवंती कुठाय?"

"मैदानात. तू खय आसस?"

"मैदानात."

बाळाकाका काहीतरी बोलत होते, मराठी सोडून निव्वळ मालवणीत, "हलू नको गो बाय, पाठ दाखव नको, पळू नको, खाली वाकू नको," एकामागोमाग एक. तिला सगळं माहीत होतं. पळणारी वस्तू म्हणजे शिकार. वाकलेला माणूस म्हणजे बकरी. तिने झाडू छातीशी धरला आणि डोळे फिरवायला सुरुवात केली. मचाण रिकामं. जांभळाची फांदी रिकामी. खडकाच्या अलीकडे आता तिला मधल्या पिंजऱ्याचं दार दिसलं. चांगलं वरपर्यंत उचललेलं. आत कोंबडी, तशीच पडलेली.

आणि मग बांबूचं बेट. त्या बेटाला खेटून ती आत आली होती, बादली हलवत. बेटाच्या बुंध्याशी पिवळं काहीतरी होतं, आणि त्यातले दोन डोळे तिच्याकडेच बघत होते. कधीपासून कोण जाणे.

मैदानाचं दार शेवंतीच्या पलीकडे होतं. म्हणजे ती वाट गेली.

"काका, ती दारापाशी आहे. बांबूत."

"मॅडमना बोलावतोय. बंदूक..."

"नको. सुई लागली की ती उठणार ना अंगावर? भूल चढायला वेळ लागतो, तुम्हीच शिकवलंत."

ते खरंच होतं.

शेवंती उठली. सावकाश, अधू पाय आधी सावरून. आळस दिला. रोज जाळीपलीकडून गंधाली हे बघायची आणि तिला कौतुक वाटायचं. आता मध्ये जाळी नव्हती. शेवंती दोन पावलं पुढे आली, थांबली, नाक वर करून हुंगलं. कोंबडीचं रक्त! गंधालीने हात धुतले होते, पण टी-शर्टवर शिंतोडे होतेच. शेवंती पुन्हा पुढे आली.

ओरडावंसं वाटलं तिला. आईला हाक मारावीशी वाटली, अगदी लहान मुलासारखी. पण तोंडातून आला तो रोजचाच आवाज, जरा फाटलेला.

"शेवंती. आत."

शेवंतीचा एक कान हलला. तिने पिंजऱ्याकडे मान वळवली, आणि लगेच दात दाखवत गुरगुरली. परत गंधालीकडे वळली.

"शेवंती, आत."

पुन्हा तेच. पिंजऱ्याकडे बघणं, गुरगुरणं, परत वळणं. आणि आता त्या दोघींमध्ये अंतर म्हणावं असं फारसं राहिलं नव्हतं. गंधालीला तिच्या मिशांचे केस वेगवेगळे दिसत होते. शेवंती तिच्या हातातल्या झाडूकडेच बघत होती.

पण मैदानातून बघताना गंधालीला एक गोष्ट दिसली, जी इतके दिवस गल्लीत बाळाकाकांच्या शेजारी उभं राहून दिसली नव्हती. शेवंती कोंबडीकडे बघून गुरगुरत नव्हती. दाराकडे बघूनही नाही. ती त्याच्या मागे बघत होती, गल्लीत, जाळीला चिकटून दांडी धरून उभ्या असलेल्या खाकी शर्टाकडे.

"काका," ती शेवंतीवरून डोळे न काढता म्हणाली, "तुम्ही तिथून जा."

"काय म्हणतंस?"

"जा तिथून. दांडी सोडा, गल्लीच्या बाहेर जा. तुम्ही दिसताय म्हणून ती आत जात नाहीये."

"खुळी झालंस? मी गेलंय तर दार कोण पाडतलो?"

"दार राहू द्या! ती तुम्हाला घाबरते, काका. पहिल्यापासून तेच आहे. माझ्या आवाजाचं नाहीये काही, तुमचं आहे. जा ना! पाया पडते तुमच्या, जा!"

तिला तसं बोलायचं नव्हतं. निदान इतक्या धारदार शब्दांत नव्हतं बोलायचं. पण जीव मुठीत धरलेला माणूस शब्द निवडत बसत नाही.

जाळीपलीकडचा खाकी शर्ट क्षणभर तसाच राहिला. मग दिसेनासा झाला. पावलं वाजली, गल्लीचं दार वाजलं. मग सगळं इतकं शांत झालं की हौदातून गळणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

शेवंती गल्लीच्या दिशेने बघत राहिली. खूप वेळ. गंधालीने श्वास घेतला आणि आवाज जितका साधा करता येईल तितका केला.

"शेवंती. आत. चल बाई माझी, आत."

म्हातारीने एकदा तिच्याकडे बघितलं. मग मान खाली घातली, वळली, आणि लंगडत लंगडत, उपकार केल्यासारखी, पिंजऱ्यात गेली. आतून कोंबडीची हाडं फुटल्याचा आवाज आला. गंधाली पळाली नाही. तोंड पिंजऱ्याकडे ठेवून, उलट्या पावलांनी, बांबूला चाचपत, दारापर्यंत आली. एक दार. दुसरं दार. कुलूप. किल्ली भोकात जाईना, दुसऱ्या हाताने धरून घालावी लागली.

बाहेर पडल्यावर शहाण्या मुलीने तिथेच बसकण मारली असती. ही धावली. गल्लीकडे. कारण दार अजून उघडं होतं, कोंबडी संपत आली होती, आणि शेवंती बाहेर पडली की बंदूकच. बाळाकाका गल्लीच्या तोंडाशी भिंतीला टेकून उभे होते, चेहरा पांढराफटक. ती त्यांच्या अंगावरून गेली, दांडी धरली, आणि मग मात्र अजिबात घाई न करता, आवाज होऊ न देता, दार खाली सोडलं. शेवंतीने वर बघितलं. समोर गंधाली होती. ती परत खायला लागली.

"बंद," गंधाली म्हणाली, आणि तिला हुंदका आला.

पद्मजाबाई धापा टाकत आल्या, बंदूक खांद्याला. काय झालं ते त्यांनी नंतर विचारायचं ठरवलं असावं, कारण आधी त्यांनी सुई काढली. भिंत गंधालीने सरकवली, अगदी टेकेल एवढीच, तोंडाने सारखी बडबड करत, आणि शेवंतीने शेपूट एकदा आपटली, बस. रक्ताची नळी भरली. बाईंनी ती शीतपेटीत ठेवली, बंदूक भिंतीशी उभी केली, आणि मग वळल्या.

"बोल."

गंधालीने सगळं सांगितलं. 'लावलाय' सांगितलं. बाळाकाका मध्येच म्हणाले, "मॅडम, शब्द माझा चुकला, घाईत तोंडात आला."

"तुमच्याशी मग बोलते. गंधाली, दार उघडण्याआधी शेवंती तुला स्वतःच्या डोळ्यांनी दिसली होती?"

हो म्हणता आलं असतं. बांबूत काहीतरी दिसलं होतं पण लक्षात आलं नाही, असं म्हणता आलं असतं. कोण बघायला होतं? सहा महिन्यांची मेहनत होती, आणि घरी वडील वरणभात घेऊन बसलेले.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "मी बघितलंच नाही. ती आली असं समजून मला इतका आनंद झाला, की मी बघितलंच नाही."

पद्मजाबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तू मेली असतीस गं," त्या म्हणाल्या. "उद्यापासून हरणांकडे जा. बिबट्यांकडे नको."

गंधालीने मान हलवली. वाद घालायला तोंड कुठे होतं?

"आणि शेवंतीक कोण बोलावतलो?" बाळाकाका म्हणाले.

"तुम्ही आहात की. इतकी वर्षं करताय."

बाळाकाकांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात फिरवली, परत घातली. गंधालीला वाटलं, आता माझ्या आवाजाचं काढतील. काढू देत.

"माका बघून ती येणा नाय, मॅडम," ते म्हणाले. "ही बोलली ता खरा आसा. त्या दिवशी भिंत मी जास्त दाबली. माका माहीत होता. पहिल्या दिवसापासून माहीत होता. मी हिच्या आवाजावर ढकललंय."

गंधालीला त्यांचा राग यायला हवा होता, भयंकर राग. इतके दिवस रडवलं होतं या माणसाने. पण तिच्याने त्यांच्याकडे बघवेना.

पद्मजाबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "ठीक आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "मग असं करू. मैदानात गंधाली जाणार नाही. इतक्यात तर नाहीच. दांडीपाशी गंधाली राहील, म्हणजे शेवंतीला तुम्ही दिसणार नाही. आणि मैदान झाडायला तुम्ही आत जायचं, बाळा. मैदानाच्या दारातून खडकाआडचा मधला पिंजरा दिसत नाही, हे आज कळलंच. तेव्हा आधी तुमचे डोळे, आणि मग हिचा शब्द. दोन्ही मिळाल्याशिवाय पाऊल नाही."

"चालात," बाळाकाका म्हणाले.

त्यांनी कोपऱ्यातला झाडू उचलला. आजच? गंधाली बघतच राहिली. पण मैदान तर झाडायचंच होतं, हौदाचं बूच अजून उघडंच होतं. बाळाकाका गल्लीतून बाहेर पडले, पलीकडे गेले. थोड्या वेळाने वॉकीटॉकी खरखरला.

"बांबू बघितलंय. मचाण बघितलंय. मधला काय?"

गंधालीने दार बघितलं. दांडी बघितली, खुंटी बघितली, खुंटीतली कडी ओढून बघितली. शेवंती मोजली, जणू त्या दोन-तीन असू शकल्या असत्या. परत दार बघितलं. पलीकडे एक म्हातारा माणूस हातात झाडू घेऊन, तिच्या एका शब्दासाठी थांबला होता. मैदानात उभी असताना तिला वाटली नव्हती इतकी भीती आता वाटली.